एमॉसची शेवेल खरी आहे

फ्लिंट, मिशिगन
११ मे १९९८

चि. थॅडियस यास ओडेसाताईचे अनेक आशीर्वाद. हे पत्र जेवण झाल्यावर वाच. आधी वाचलंस तर जेवण तसंच राहील.

तुझ्या कानांचं कसं काय? गेल्या महिन्यात फोनवर ओरडून ओरडून माझा घसा बसला, आणि तू मात्र सगळ्याला हो हो म्हणत होतास. मी विचारलं होतं की तुझ्या जावयाचा पाय बरा आहे का, आणि तू म्हणालास की हो, रविवारी तळला. तेव्हापासून ठरवलं, आता कागदच बरा.

इथं थंडी सरली. तुझ्या दाजींना, एमॉसला, जाऊन सात महिने झाले. त्याची शेवेल गाडी मी दर शनिवारी गॅरेजबाहेर काढते, धुते, चर्चपर्यंत एक फेरी मारते आणि परत ठेवते. शेजारची कोराली म्हणते की सहासष्टाव्या वर्षी असलं धूड चालवणारी बाई साऱ्या गावात दुसरी नाही. मी तिला सांगितलं की दुसरीकडे असली गाडी नाही, म्हणून.

आता खरी गोष्ट. जुन्या गाड्यांच्या क्लबात एक पितळी फळा आहे, तुला माहीत आहे. ज्यांची गाडी अस्सल, त्यांच्या नावाची पट्टी त्यावर असते. एमॉसची पट्टी तिथं एकोणीस वर्षं होती. मागच्या मंगळवारी क्लबाचा अध्यक्ष एल्डन क्रूगर यानं मला बोलावून घेतलं. मला वाटलं, एमॉसच्या नावानं काही चार शब्द बोलणार असतील. मी निळा पोशाख घालून गेले. त्यानं भरल्या हॉलमध्ये सांगितलं की एप्रिलमधल्या तपासणीत आरसा आणि टॉर्च घेऊन त्यानं आमच्या गाडीचे नंबर वाचले, आणि ही गाडी एसएस, म्हणजे शेवेलचा मोठ्या इंजिनाचा खास नमुना, नाही. त्या साली साधी शेवेल मालिबू आणि एसएस यांचा सांगाडा एकच होता, म्हणून कुणीही साध्या गाडीला पट्टे ओढावेत, बिल्ले लावावेत आणि मोठ्या इंजिनाची अस्सल गाडी म्हणून मिरवावं, असं पुष्कळ झालंय म्हणे. पुढं म्हणाला की एमॉसनं सजावट मात्र हौसेनं केली आहे, आणि फौंड्रीतल्या माणसाला एकोणीसशे सत्तर साली नवी एसएस परवडली असेल असं त्याला कधी वाटलंच नव्हतं. फौंड्रीतल्या, एवढंच म्हणाला. पण त्याच्या मागे कुठला शब्द त्यानं गिळला ते हॉलमधल्या सगळ्यांना कळलं. तिथं काळी मी एकटीच होते.

मी उठून सांगितलं की ही गाडी कारखान्यातल्या संपाच्या आधी, सत्तरच्या मार्च महिन्यात, आम्ही दोघांनी दुकानातून नवी कोरी आणली. हिरवा रंग मी निवडला. त्यावर कुणीतरी मागून हळूच म्हणालं की बायकांना रंग बरोबर लक्षात राहतो. सगळे हसले. क्रूगरनं पट्टीचे स्क्रू काढले, पट्टी पाकिटात घातली आणि मोठ्या अदबीनं माझ्या हातात दिली.

खरेदीचे कागद तळघरात पाणी शिरलं तेव्हाच गेले. ते दुकानही राहिलं नाही. पण पंधरा ऑगस्टला क्लबाचं प्रदर्शन आहे, आणि मी ती गाडी अस्सल गाड्यांच्या रांगेतच उभी करणार आहे. कुणी हलवून दाखवावी. तू तीस वर्षं शाळेच्या बसगाड्या दुरुस्त केल्यास, शिवाय त्या काळातली प्रत्येक गाडी तुला आवाजावरून ओळखू यायची. खरी आणि सोंग यांतला फरक कसा काढायचा, ते मला सविस्तर लिही. मी बावीस वर्षं कारखान्यात सीटा शिवल्या आहेत, हत्यारं धरायला घाबरत नाही.

लोभ आहेच तुझा, तो या वेळी उत्तर लवकर धाडून दाखव.

तुझी ताई,
ओडेसा


पाइन ब्लफ, आर्कान्सा
२० मे १९९८

ति. ओडेसाताईस थॅडियसचा साष्टांग नमस्कार. उजवा कान अर्धा चालू, डावा सुट्टीवर, बाकी सर्व ठीक.

पत्र जेवणाआधीच उघडलं. चूक झाली.

ताई, त्या क्रूगरला मी भेटलो असतो तर काय बोललो असतो ते लिहीत नाही, पाद्रीबाबांची पत्नी टपाल खात्यात आहे. पण एक सांगू का? सोडून दे. दाजींना त्या पट्टीची पडलेली नव्हती. गाडी चालते, तू चालवतेस, तेवढं पुरे. ऑगस्टच्या उन्हात मैदानावर उभं राहून लोकांचं ऐकून घ्यायचं कशाला? तुझं ब्लडप्रेशर आणि तुझी जीभ, दोन्ही वरच्या बाजूला असतात.

पण तू ऐकणार नाहीस, म्हणून लिहितो. पहिलं, पुढच्या काचेतून डॅशबोर्डवर डाव्या कोपऱ्यात एक बारीक पट्टी दिसेल. तिच्यावरचा नंबर विम्याच्या जुन्या कागदाशी ताडून बघ. त्यानं एवढंच कळेल की गाडी तीच आहे. ती एसएस आहे का, हे त्या सालच्या नंबरातून कळत नाही, तिथं क्रूगर बरोबर बोलला. दुसरं, मागच्या धुऱ्याच्या मधोमध भोपळ्यासारखा गोल भाग असतो. त्याच्या झाकणाचे बोल्ट मोज. एसएसला बारा, साध्या गाडीला दहा. तिसरं, डॅशबोर्डावरची वेग वगैरे दाखवणारी घड्याळं गोल हवीत, लांबट पट्टी नको. चौथं सगळ्यात महत्त्वाचं. गाडी बनताना तिच्याबरोबर कारखान्यात एक कागद फिरायचा, त्यावर काय काय बसवायचं ते छापलेलं असे. काम झालं की कामगार तो कागद पेट्रोलच्या टाकीवर किंवा सीटच्या स्प्रिंगांत कोंबून टाकायचे. तो सापडला तर क्रूगरचं तोंड बंद.

गाडीखाली एकटी जाऊ नकोस. जॅकवर भरवसा ठेवू नकोस, खाली लाकडाचे ओंडके लाव. आणि कागद नाही सापडला तर मनाला लावून घेऊ नकोस.

जावयाचा पाय बरा आहे. रविवारी तळला होता तो मासा.

माया आहेच, ती ओरडा खाऊनही कमी होत नाही हे तुला ठाऊक आहे.

तुझा,
थॅडियस


फ्लिंट
७ जून १९९८

चि. थॅडियस यास आशीर्वाद, पण हात आखडता घेऊन.

गाडीखाली गेले. कोराली टॉर्च धरून बसली होती आणि सगळा वेळ मोठ्यानं प्रार्थना म्हणत होती, जणू मी खाणीत उतरले आहे. बोल्ट बारा निघाले. मी तीनदा मोजले, चौथ्यांदा कोरालीला मोजायला लावले. घड्याळं गोल आहेत. डॅशबोर्डावरचा नंबर विम्याच्या एकाहत्तर सालच्या कागदाशी अक्षरन् अक्षर जुळतो.

टाकीवर कागद नव्हता. मग मागची सीट बाहेर काढली. कड्या कशा सोडवायच्या ते मला कुणी शिकवायला नको. आत कागद होता, थॅडियस. होता म्हणजे एके काळी होता. उंदरांनी त्याचं घरटं केलं होतं. बोटाच्या पेराएवढे तुकडे, छापलेले, एकावर अर्धा आकडा, एकावर नुसतं अक्षर. मी आणि कोरालीनं दोन दिवस स्वैपाकघरातल्या टेबलावर ते जुळवले. काही लागलं नाही. सीट परत शिवली. ती मात्र कारखान्यातल्यापेक्षा चांगली झाली.

मग मी बारा बोल्टांची खबर घेऊन क्रूगरकडे गेले. तो खराट्यासारखा सरळ माणूस आहे, उलट बोलला नाही, शांतपणे सांगितलं की धुरा, घड्याळं, बिल्ले, हे सगळं भंगारातून आणून बसवता येतं. बसवता येत नाही तो इंजिनावर ठोकलेला नंबर. अस्सल गाडीच्या इंजिनावर पुढच्या बाजूला, उजवीकडे, दोन बोटं रुंदीच्या सपाट जागेवर त्या गाडीच्याच नंबराचे शेवटचे आकडे असतात. आमच्या इंजिनावर दुसरेच आकडे आहेत, आणि त्यांच्या शेजारची अक्षरं ट्रकच्या इंजिनाची आहेत.

मी घरी येऊन स्वतः पाहिलं. आरसा माझा पावडरीचा. क्रूगर खोटं बोलत नव्हता.

आता मला सांग. तू मला धुरा लिहिलास, घड्याळं लिहिलीस, उंदरांचा कागद लिहिलास, आणि इंजिनाबद्दल एक ओळ लिहिली नाहीस. तुझ्यासारखा माणूस इंजिन विसरेल? मग मी बसून आठवलं. अठ्ठ्याहत्तरच्या उन्हाळ्यात एमॉस गाडी घेऊन तुझ्याकडे गेला आणि बसनं परत आला. म्हणाला की क्लच गेला, थॅडियस दुरुस्त करतोय. गाडी महिन्याभरानं आली. त्या महिन्यात काय झालं?

मला काय काय सुचतंय ते लिहितेच. एमॉसनं इंजिन विकलं का? कशासाठी? वीस वर्षं माझ्याशी खोटं बोलला का? रात्री या प्रश्नांनी मला झोप लागत नाही, आणि सकाळी उठून मी तीच गाडी धुते. काहीही असो, पंधरा ऑगस्टला मी ती रांगेत उभी करणारच. पण काय घेऊन उभी राहते आहे ते मला आधी कळलं पाहिजे.

लोभाचं पुढच्या पत्रानंतर बघू.

ओडेसा


पाइन ब्लफ
१९ जून १९९८

ति. ताई, नमस्कार. या वेळी साष्टांगच, आणि उठायला तू सांगेपर्यंत उठणार नाही.

हे पत्र चार वेळा लिहून फाडलं. दाजींनी काही विकलं नाही. ते इंजिन मी फोडलं.

त्या वर्षी चार जुलैला दाजी आणि मी नदीवर मासे धरायला गेलो होतो. दुपारी दाजी झोपले. मी गाडी घेतली, त्यांना न विचारता. बांधाच्या रस्त्यावर कापसाच्या गोदामवाल्याचा मुलगा आपली नवी गाडी घेऊन सगळ्यांना चिडवत होता. मला म्हणाला की हिरवी गाडी दिसायलाच आहे. ताई, तुझ्यासारखीच माझी खोड, ऐकून घेता येत नाही. मी त्याला हरवलं. अर्ध्या मैलानं हरवलं. आणि त्यानंतरही पाय काढला नाही. आतला एक दांडा तुटला आणि इंजिनाच्या पोटातून बाहेर आला. मुठीएवढं भोक पडलं.

मी चालत परत आलो. दाजी नदीकाठच्या पायरीवर बसले होते. त्यांनी पहिल्यांदा विचारलं की कुणाला लागलं का. मी नाही म्हटलं. मग विचारलं की प्यायला होतास का. मी नाही म्हटलं, आणि ते खरं होतं. गळाची दोरी गुंडाळत म्हणाले की तर मग ओडेसाला कळायची गरज नाही.

तुला आठवत असेल, त्याच वसंतात मी दारू सोडली होती, आणि तू मला सांगितलं होतंस की आता एक जरी मूर्खपणा केलास तर माझ्या घराची पायरी चढायची नाही. दाजी म्हणाले की ती बोलली तर करून दाखवते, आणि तुला आई म्हणून दुसरी कुणी नाही. म्हणून क्लचची गोष्ट केली. त्यांनी भंगारातलं ट्रकचं इंजिन मिळवलं, बाहेरून अगदी तसंच, आणि मी महिनाभर खपून ते बसवलं. क्लबात नाव घालताना दाजींना नंबर कुणी विचारला नाही, तेव्हा तपासणी नव्हती.

आता ऐक. फुटलेलं इंजिन मी भंगारात दिलं नाही. दाजींनी देऊ दिलं नाही. म्हणाले की गाडीचं नाव त्याच्यावर आहे. ते माझ्या शेडमध्ये ताडपत्रीखाली वीस वर्षं पडून आहे. दाजींनी सांगितल्याप्रमाणे दर वसंतात त्या दोन बोटांच्या जागेला मी ग्रीस लावत आलो. काल पुसून वाचलं. शेवटचे आकडे एक, पाच, दोन, सात, शून्य, आठ. तुझ्या डॅशबोर्डाशी ताडून बघ. शेजारची अक्षरं एसएसच्याच इंजिनाची आहेत.

हे मी मे महिन्यातच लिहायला हवं होतं. तू क्रूगरसमोर अपमान करून घेतलास आणि मी तुला उंदरांच्या मागे लावलं.

लोभ मागत नाही. हा कागद फाडू नकोस, एवढंच.

थॅडियस


फ्लिंट
२७ जून १९९८

थॅडियस,

आकडे जुळले. सहाच्या सहा.

मी चार दिवस तुझं पत्र स्वैपाकघरात ठेवून त्याच्याभोवती फिरत होते. तुझ्यावर किती चिडले आहे ते इथं लिहिलं तर तुमच्या पाद्रीबाबांची पत्नी नोकरी सोडेल. एमॉसवर त्याहून जास्त. काल त्याच्या दगडापाशी जाऊन पाऊण तास बोलले. शेजारच्या थडग्यावर फुलं घेऊन आलेली माणसं फुलं ठेवून लगेच निघून गेली.

मी खरंच तुला पायरी चढू दिली नसती. तो बरोबर होता, आणि त्याचाच मला सगळ्यात राग आहे.

आता माझं म्हणणं. ते इंजिन घेऊन ये. कुणाबरोबर पाठवू नकोस, फोटो पाठवू नकोस, चिठ्ठी लिहून देऊ नकोस. तू स्वतः ये, मैदानावर त्याच्या शेजारी उभा राहा, आणि मला जे लिहिलंस ते क्रूगरला आणि ऐकेल त्या प्रत्येकाला तोंडानं सांग. चौदा ऑगस्टच्या आत पोचायचं. उशीर झाला तर मी आणि कोराली तुला घ्यायला येऊ, आणि ते तुला आवडणार नाही.

भाजी आणि मक्याची भाकरी करून ठेवीन. उपाशी माणसाला ओरडता येत नाही म्हणून.

ओडेसा


एफिंगहॅम, इलिनॉय
१२ ऑगस्ट १९९८

ति. ताईस नमस्कार. कार्डावर जागा कमी, म्हणून मायना आखूड. ट्रकचा मागचा भाग इंजिनानं खाली बसलाय, पुढचा भाग आभाळाकडे. पेट्रोलपंपावरच्या माणसानं विचारलं की मागे काय आहे, मी सांगितलं की माझं पाप आहे, साडेसहाशे पौंडांचं. त्यानं झटकन पैसे घेतले आणि आत गेला. हे कार्ड माझ्यानंतर पोचेल बहुतेक. तरी टाकतो. ताठ मानेनं येतोय असं समजू नकोस, पण येतोय.

थॅडियस


फ्लिंट
२३ ऑगस्ट १९९८

चि. थॅडियस यास ताईचे आशीर्वाद, पूर्ण मापाचे.

तू सोमवारी निघालास आणि मंगळवारी क्लबाची सभा झाली, म्हणून पुढचं तुला कळवायला हवं. मैदानावरचंही थोडं लिहिते, कारण तू बोलत होतास तेव्हा टोपी डोळ्यांवर ओढून जमिनीकडे बघत होतास, तुला काही दिसलं नसेल.

तुला वाटतं तू हळू आवाजात बोललास. तुझ्या कानांमुळे तुला कळत नाही, पण सारं मैदान ऐकत होतं. पलीकडच्या आइसक्रीमवाल्यानं गाडीची घंटा थांबवली. चार जुलै, बांध, तुटलेला दांडा, दाजी पायरीवर बसलेले, सगळं. तू थांबलास तेव्हा क्रूगर गुडघ्यावर बसला, रुमालानं ती जागा पुसली, आकडे वाचले. उठून गाडीच्या काचेपाशी गेला. परत आला. असं तीनदा केलं. तिसऱ्यांदा त्यानं रुमाल खिशात ठेवला नाही, हातातच राहिला. आमची गाडी रांगेतून हलवा असं कुणी म्हणालं नाही.

रविवारी तू आणि तुझ्याबरोबर ट्रकमधून आलेला जावई बेसबॉल बघायला गेलात तेव्हा तो घरी आला होता. तुला सांगितलं नाही, तू उगाच परत येऊन बसला असतास. मी त्याला कॉफी दिली. तो म्हणाला की चूक झाली, वाईट वाटतं, आणि चांगल्या मनानं म्हणाला, हे मला दिसत होतं. मी त्याला सांगितलं की हे तुम्ही माझ्या स्वैपाकघरात बोलताय, आणि ते हॉलमध्ये बोलला होतात. जिथं बोललात तिथंच ते मागे घ्या. त्यानं कॉफी संपवली, कप स्वतः धुऊन ठेवला आणि गेला.

मंगळवारी मी परत निळाच पोशाख घातला. मुद्दाम. कोरालीलाही नेलं. हॉल गच्च भरला होता. क्रूगर उभा राहिला आणि म्हणाला की नंबर त्यानं बरोबर वाचले होते, पण ज्या बाईनं गाडी घेतली तिला त्यानं एक प्रश्नसुद्धा विचारला नाही. आणि का विचारला नाही, ते त्याला ठाऊक आहे. नंबर बघायच्या आधीच, गेली कित्येक वर्षं, ही गाडी एमॉस प्रुइटची असूच शकत नाही असं त्याच्या मनात होतं. नंबर जुळले नाहीत तेव्हा त्याला आश्चर्य वाटलं नाही, बरं वाटलं. हे सांगताना तो माझ्याकडे बघत होता. मी टाळ्या वाजवल्या नाहीत. मान हलवली. तेवढं त्यानं कमावलं होतं.

मग पट्टी परत लावायची गोष्ट निघाली. रंगाबद्दल हसलेलाच एक जण म्हणाला की इंजिन बदललेलं असल्यामुळे नियमानं नावापुढं एक तारा करावा, आणि खाली बारीक अक्षरांत तळटीप द्यावी. मी उठले. म्हटलं, तारा नको. ज्यांना काही लपवायचं असतं ते बारीक अक्षरांत लिहितात. सगळं मोठ्या अक्षरांत लिहा. आणि गाडी पहिल्या दिवसापासून दोघांच्या नावावर आहे, तेव्हा दोन्ही नावं येतील, नाहीतर एकही नाही. कुणीतरी म्हणालं की फळ्यावर सभासदांचीच नावं असतात आणि बाई कधी सभासद नव्हती. मी विचारलं की अर्ज कुठं मिळतो. क्रूगरनं टेबलाच्या खणातून काढून दिला. मी तिथंच भरला. हात वर करायला सांगितलं तेव्हा पहिला हात त्याचाच होता, मग एक एक करत बाकीचे.

जुनी पट्टी मी ठेवून घेतली आहे. ती एमॉसच्या दगडापाशी नेणार नाही, त्याच्याशी अजून माझं बोलणं नीट झालेलं नाही. वीस वर्षं एकाच उशीवर डोकं ठेवून त्यानं हे पोटात ठेवलं, आणि मी त्याला विसरभोळा म्हणत राहिले. त्यानं तुला माझ्यासाठी राखलं, आणि मला न विचारता राखलं. कधी न विचारल्याचा राग येतो, कधी राखल्याचं रडू येतं. काल दोन्ही एकदम आलं, आणि मी गाडी काढून साऱ्या गावाला वळसा घालून आले. ट्रकचं इंजिन असू दे, आवाज चांगला करतं. तू बसवलंस चांगलं, हे मान्य करते.

फुटलेलं इंजिन गॅरेजमध्येच राहील. क्लबातले लोक ते बघायला येतात आणि त्या भोकात हात घालून बघतात. मी त्यांना आधी हात धुवायला लावते.

नवी पट्टी परवा तयार होऊन आली. क्रूगरनं लावायच्या आधी मला दाखवायला आणली, आणि शेवटचं वाक्य खरंच ठेवायचं का असं विचारलं. मी म्हटलं की ते नसेल तर पट्टीच नको. तेव्हा हॉलमध्ये जाऊन त्यानं हसू दाबत स्क्रू आवळले. फळ्यावर आता असं आहे: एमॉस आणि ओडेसा प्रुइट. शेवेल एसएस, १९७०. गाडी अस्सल. मूळ इंजिन १९७८ साली थॅडियस गेन्स यांनी फोडलं.

पितळ आहे, तुझ्या नातवंडांपर्यंत टिकेल. नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सणाला ये आणि डोळ्यांनी बघून जा. तुझ्या नावाची अक्षरं बरोबर आली आहेत का ते मी स्वतः दोनदा तपासलं.

लोभ पूर्वी होता त्याहून चार बोटं वरच आहे. तो तसाच राहू दे.

तुझी ताई,
ओडेसा